गणपतीच्या ओट्याखालचं चेंबर

मला बघायला आलेल्या मंडळींना आईनं माझं काम कधी नीट सांगितलंच नाही. "बांधकाम परवानग्यांच्या ऑफिसात असते," एवढंच. खरं सांगायचं तर मी गटारांचे नकाशे काढते. प्रभादेवीला आमचं छोटं ऑफिस आहे. टॉवर बांधायचा म्हटलं की पावसाचं पाणी कुठून कुठे जाणार हे महापालिकेला आधी दाखवावं लागतं. ते कागद आम्ही करतो. आता केस पिकले तरी तेच करते, आणि मजेत करते.

राहते लालबागला, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. शेजारी टॉवरचं काम सुरू झालं तेव्हा अख्खी चाळ माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू तो खड्डा मीच खणतेय. तो टॉवर आमच्या ऑफिसचा नव्हता. पण ऐकतंय कोण.

गेल्या पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरलं. नुसतं पाणी असतं तर लोक कुरकुरून गप्प बसले असते. हे सिमेंटच्या रंगाचं, गाळाचं पाणी होतं. सगळ्यात जास्त हाल झाले ते कोपऱ्यातल्या खोलीतल्या मावशीचे. मावशी मालवणकडची, नवरा गिरणीत होता, तो जाऊनही बरीच वर्षं झाली. खोलीत एकटी राहते आणि सगळ्या चाळीला घरचा मसाला पुरवते. तिचा मुलगा विरारला असतो. चांगला आहे हो, उगाच कशाला खोटं बोलू. त्यानं चिखलातून तिचा पलंग बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आई, पुढच्या वर्षी खोलीत पाणी आलं तर मी तुला घेऊन जाणार. मग काही ऐकणार नाही."

मावशी तेव्हा पलंगाचे पाय पुसत राहिली. नंतर जिन्यापाशी मला म्हणाली, "मी खंय जावचंय नाय गो," आणि तिचे डोळे भरून आले. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

म्हणून यंदा उन्हाळ्यातच मी पदर खोचला. चाळीच्या कमिटीला बसवून नियम समजावले. साइटचं गढूळ पाणी तसंच रस्त्याच्या गटारात सोडता येत नाही, गाळानं गटार तुंबतं आणि पाणी उलटं आपल्याकडे येतं. खड्ड्यात साठवून गाळ खाली बसू द्यायचा, मग वरचं पाणी सोडायचं. डंपर बाहेर काढताना चाकं धुवायची. परवानगीतच हे लिहिलेलं असतं. अध्यक्षांना हे फार आवडलं. अध्यक्ष म्हणजे रिटायर्ड बँकवाले, आमच्या सार्वजनिक गणपतीचेही सर्वेसर्वा. "ताई, बिल्डरला सोडायचा नाही," म्हणाले, आणि तक्रारीवर सगळ्यात मोठी सही त्यांनीच ठोकली.

वॉर्ड ऑफिसातून इंजिनीअर आला. साइटवर गाळाचा खड्डा होता, पण काठोकाठ भरलेला. कुणी उपसलाच नव्हता. त्यानं साइटवाल्यांना तिथल्या तिथे झापलं, नोटीस काढतो म्हणाला. आमच्या लोकांच्या छात्या फुगल्या. मग तो आमच्या अंगणात आला.

"तुमचं चेंबर कुठंय? चाळीचं पाणी जिथून रस्त्याच्या लाइनला जातं ते? पावसाआधी ते तुम्ही उघडून साफ करायचं असतं."

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मीसुद्धा. मुंबईभर लोकांना गटारं दाखवणारी मी, आणि माझ्याच अंगणातलं चेंबर मला ठाऊक नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शेवटी मावशीनं दारातून नुसता हात केला, गणपतीच्या ओट्याकडे.

मग आठवलं सगळ्यांना. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात अंगणात गणपतीसाठी पक्का ओटा बांधला होता. जागा नेमकी चेंबरवर येत होती. आता देवाच्या आसनाखाली गटाराचं झाकण कसं चालेल? म्हणून झाकणावर सिमेंट ओतून वर गुळगुळीत लादी बसवली होती. गटार झाकलं की ते नाहीसं होतं, असं पुष्कळांना वाटतं. आम्ही त्यावर आरतीही करत होतो.

"फोडावं लागेल," इंजिनीअर म्हणाला.

अध्यक्षांचा चेहरा पडला. "साहेब, देवाची जागा आहे. गाळ बिल्डरनं सोडलाय, त्यानं काढावा."

"काढतील की, मशीन लावून. पण मशीनचा पाइप आत जायला तोंड तर हवं," असं म्हणून तो गेला.

मग मीटिंगा सुरू झाल्या. कुणी म्हणे गुरुजींना विचारू, कुणी म्हणे गणपती होऊन जाऊ देत, मग बघू. गणपती झाल्यावर म्हणजे पाऊस पडून गेल्यावर! माझं डोकं फिरलं. "तोवर मावशी विरारला पोचलेली असेल," मी म्हटलं. "मग तिच्या हातचे मोदक कुरिअरनं मागवा." आवाज जरा चढलाच. अध्यक्ष फुगून बसले.

मावशी इतके दिवस गप्प होती. खोली तिची आणि आड आलेला देव. ती बिचारी कुठल्या तोंडानं बोलणार? पण त्या दिवशी ती पुढे आली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "गणपती काय, तो शेवटी पाण्यातच जाता. माका जावचा नाय."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, "उद्या गवंडी बोलवा." दुसऱ्या दिवशी ओट्यापुढे नारळ त्यांनीच वाढवला आणि पहिला हातोडाही त्यांनीच मारला.

आत साइटचा राखाडी गाळ होताच, ढीगभर. त्याच्या खाली मात्र नारळाच्या शेंड्या, थर्माकोलचे तुकडे, मखराची झालर असा सगळा आमचाच संसार निघाला. अंगण धुताना वर्षानुवर्षं कडेच्या मोरीच्या जाळीतून ढकललेला. अध्यक्ष माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई, हे तक्रारीत नको लिहायला." मी हसत सुटले, मग तेही हसले. साइटवाल्यांनी मशीन लावून लाइन साफ केली, त्यांचा खड्डाही उपसला. चेंबरवर नवं जाळीचं लोखंडी झाकण बसलं. गणपतीचा ओटा हातभर बाजूला सरकला.

जुलैत भर भरतीच्या वेळी धो धो कोसळला. परळपर्यंत रस्ते भरले. अंगणात पाणी घोट्याच्या वर गेलं आणि अख्खी चाळ गॅलरीत उभी राहून त्या झाकणाकडे बघत होती, मॅचची शेवटची ओव्हर असल्यासारखी. मी खाली मावशीच्या दारात होते. पाणी तिच्या पायरीवर चढलं, उंबऱ्याशी आलं. मावशीनं माझा हात घट्ट धरला होता. मग पाणी तिथेच थबकलं, आणि भरती उतरली तसं झाकणाच्या जाळीशी गरगरत खाली जायला लागलं. पायरी पुन्हा दिसली तेव्हा मला रडूच आलं, खरंच.

तेवढ्यात मावशीचा मुलगा आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्याला मोठी रिकामी बॅग. त्यानं खोलीत जाऊन जमिनीवर हात फिरवला. कोरडी होती. पलंगाखालीही वाकून पाहिलं.

"इलंस तर जेवान जा," मावशी म्हणाली.

तो जेवला. निघताना मावशीनं त्या बॅगेत मसाला, सोलं आणि कुळथाचं पीठ भरून दिलं. बॅग एवढी जड झाली की गेटपर्यंत एक बंद मला धरावा लागला.