धाकटीचं टाकं

माझ्या धाकट्या जावेचे फॉलोअर्स वाढले की माझं जेवण कमी व्हायचं. हसू नका. ती सकाळी चहाचा कप हातात घेऊन "ताई, बघा ना, आणखी वाढले" असं म्हणत फोन माझ्या नाकासमोर धरायची. मी "अरे वा" म्हणायचे आणि आतून माझा नुसता तिळपापड व्हायचा. बाई चांगली आहे, स्वयंपाकात हात चालतो, सासूबाईंचं औषधपाणी तीच बघते. त्यामुळे तर जास्तच चिडचिड व्हायची. वाईट असती तर चारचौघांत बोलता तरी आलं असतं!

मी नाशिकमध्ये सोळा वर्षं गाइडचं काम करतेय. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून चढून माझे गुडघे कुरकुरायला लागले. ही लेणी पांडवांची नाहीत, बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत, हे मी हजारदा सांगितलं असेल. समोरच्याचं तोंड पडतं, त्याला भीमाची खोली बघायची असते. पण मी सांगतेच. कोरलेलं असेल ते कोरलेलं म्हणून सांगायचं, ऐकलेलं असेल ते ऐकलेलं म्हणून, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, हा माझा नेम. या नेमापायी माझी गिऱ्हाइकं कमी, पण जी आहेत ती टिकून आहेत.

त्यातल्या पुण्याच्या निवृत्त शिक्षिका म्हणजे माझा अभिमान. पंधरा-सोळा जणी, दरवर्षी थंडीत दोन दिवस येतात. त्यांच्या म्होरक्या बाई पूर्वी मुख्याध्यापिका होत्या, इतिहास शिकवायच्या. मी बोलत असताना त्या वहीत लिहून घेतात, आणि मध्येच कुणी शंका काढली तर म्हणतात, "या सांगतायत ना, मग ते खरंच असणार." माझ्याकडे ना ऑफिस, ना गाडी. एक व्हिजिटिंग कार्ड आणि बाईंचं हे वाक्य, एवढीच माझी कमाई.

आता जावेची गोष्ट. ती मेंदीचे क्लास घ्यायची. एकदा घरात बसून कंटाळलीय म्हणून मीच तिला अंजनेरीला ग्रुपबरोबर नेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिथं तिनं पहिला रील काढला. हिरवा डोंगर, वर ढग, वाऱ्यावर हिची ओढणी, आणि कोपऱ्यात माझं कोपर. हो, फक्त कोपर. तो रील कुठच्या कुठे पोचला. मग तिनं पेज काढलं, द्राक्षमळ्यातली सकाळ, किल्ल्यावरची संध्याकाळ, "बुकिंगसाठी लिंक बायोमध्ये", सगळं सुरू. मी दर रविवारी व्हॉट्सॲपवर सुविचार आणि माझा नंबर पाठवायचे, तिकडे हिच्या शनिवारच्या टूर पंधरा दिवस आधीच भरलेल्या.

तेही मी गिळलं असतं. पण ती बोलायची काय, तर माझं! रात्रीच्या जेवणाला आम्ही सगळे एकत्र बसतो. मी दिवसभर काय दाखवलं, कुणी काय विचारलं, ते सांगत बसते, जुनी सवय. ही हनुवटीला हात लावून ऐकते. दोन दिवसांनी तेच, माझ्याच हेलात, माझ्याच थांब्यांसकट रीलमध्ये. आणि खाली लोक लिहिणार, "ताई, काय अभ्यास आहे हो तुमचा!" अभ्यास! आयत्या बिळावर नागोबा! नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "घरातच तर राहतंय ना सगळं?" त्याला काय कळतंय.

गेल्या उन्हाळ्यात माझा संयम सुटला. कळवणच्या रस्त्यावर, डाव्या हाताला आत एका टेकडीवर दोन टाकी आहेत, म्हणजे खडकात कोरलेले चौकोनी हौद, शेजारी शेजारी. एकात मे महिन्यातही पाणी असतं, दुसरं दिवाळीनंतर कोरडं पडतं. कारण साधं आहे, दुसऱ्याच्या तळाला भेग आहे. मी खाली उतरून बोट घालून बघितलीय. त्या जागेची गोष्टबिष्ट काही नाही.

त्या दिवशी जेवताना मी गोष्ट रचली. भाकरी मोडता मोडता, अगदी सहज. म्हटलं, फार पूर्वी एका घरात दोन जावा होत्या. थोरलीनं बारा वर्षं छिन्नी चालवून टाकं खोदलं. धाकटीनं शेजारी आपलं टाकं चार दिवसांत उरकलं आणि दुपारी सगळे झोपलेले असताना मधल्या खडकाला भोक पाडून थोरलीचं पाणी आपल्याकडे वळवलं. देवीला राग आला. तिनं शाप दिला, तुझ्या टाक्यात पाणी ठरायचं नाही. तेव्हापासून धाकटीचं टाकं कोरडं.

सासूबाईंनी "आई गं" म्हटलं. जावेचे डोळे एवढे मोठे झाले. "ताई, ही कधी सांगितली नाहीत!" मी म्हटलं, "आज आठवली." सोळा वर्षांत पहिल्यांदा मी खोटं सांगितलं होतं, आणि खरं सांगते, वरण-भात कधी नव्हे इतका गोड लागला.

माझा डाव सोपा होता. ही रील करणार, मग खाली मी विचारणार की बाई, आधार काय? कुठल्या पुस्तकात आहे? चार जाणकार जमतील आणि हिची फजिती होईल. त्यासाठी मी गुलाबाच्या फुलाचा फोटो लावून एक वेगळं खातंसुद्धा काढलं. चौथ्या दिवशी रील आला. मी फुलाच्या आडून प्रश्न टाकला आणि वाट बघत बसले. तासाभरात मलाच लोकांनी धू धू धुतलं. "श्रद्धेला आधार लागत नाही." "तुमच्यासारख्यांमुळेच परंपरा बुडाल्या." एकानं तर लिहिलं, "जळणारे जळत राहणार." त्याला काय माहीत, नेमकं काय जळतंय ते!

बरं, तिथं थांबलं असतं तरी ठीक. पण त्या रीलखाली कुणा बाईनं लिहिलं, "मी आणि माझी जाऊ तिथं जाऊन भरल्या टाक्यातलं पाणी कोरड्यात ओतून आलो, आमचं भांडण मिटलं." झालं! जोड्या-जोड्यांनी जावा टेकडी चढायला लागल्या. थोरलीनं पाणी काढायचं, धाकटीनं ओतायचं, मग एकमेकींना कुंकू लावायचं आणि फोटो. पायथ्याशी मडकी विकायला आली, पेरू आणि उकडलेल्या शेंगांच्या टोपल्या आल्या. पाणी भेगेतून खाली जायचं ते जायचंच, पण बायका हसत घरी परतायच्या. आणि या सगळ्याचं श्रेय कुणाला? रीलवाल्या ताईंना! माझ्या आयुष्यातली सगळ्यात झकास गोष्ट, आणि ती माझी आहे असं म्हणायची सोय नाही. म्हणावं तर मी खोटारडी, गप्प बसावं तर ती हुशार. जेवण आणखी कमी झालं.

डिसेंबरात मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. "यंदा ती जावांची टाकी बघायचीच. आणि ती रीलमधली तुमची जाऊच आहे म्हणे! तिलाही आणा ना, आमच्या सगळ्या जणी तिच्या पंखा झाल्यात." नऊ वर्षांत त्यांनी मला कधी कुणाला बरोबर आणा म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "आणते."

सकाळी आम्ही टेकडी चढलो. जाऊ नवे कोरे बूट घालून, काठीला फोन लावून पुढे. सगळ्या जणी तिच्याभोवती, "अगं, तू टीव्हीपेक्षा गोड दिसतेस" वगैरे. मी मागून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन. टाक्यांपाशी पोचल्यावर तिनं गोष्ट सांगितली, आणि चोरटीनं छान सांगितली. थोरलीच्या बारा वर्षांपाशी आवाज खाली आणला. तो थांबा माझा होता.

बाईंनी वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि माझ्याकडे वळल्या. "ही मला नऊ वर्षांत तुम्ही सांगितली नाहीत. खरी आहे का? तुम्ही म्हणाल ते लिहिते."

हो म्हटलं तर त्यांच्या वहीत माझ्या नावावर पहिलं खोटं जाणार. नाही म्हटलं तर जावेची इथंच, तिच्या पंख्यांसमोर, फोन चालू असताना फजिती. गेले सात महिने मी हेच तर मागत होते! तिच्याकडे बघितलं. ती हसत होती, माझ्या "हो"ची वाट बघत, अगदी निर्धास्त. मी तिच्या बाजूनं बोलणार याची तिला खात्रीच होती.

"बाई, लिहू नका," मी म्हटलं. "ही गोष्ट खोटी आहे. मी रचलीय. मे महिन्यात, जेवताना."

बाई हसायला लागल्या. सगळ्याच हसल्या. "अहो, काय हे!" बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "धाकटीचं थोडं कौतुक झालं तर लगेच असं? तुम्ही तरी असं करू नका हो."

"पण खरंच मीच—"

शेंगांची टोपली घेऊन बसलेली म्हातारी तिथूनच ओरडली, "काय बोलता ताई! माझी सासू सांगायची ही गोष्ट. तिला तिच्या सासूनं सांगितल्याली हाय. लय जुनं हाय हे." शपथेवर बोलत होती. मला तिच्यावर चिडताही येईना.

बाईंनी वहीत गोष्ट लिहून घेतली. खाली लिहिलं, स्थानिक वृद्धेनं दुजोरा दिला. मला दाखवलंही. नऊ वर्षं त्यांना मी जे सांगितलं ते खरं मानलं गेलं, आणि आज धडधडीत खरं बोलले तर तो माझा मत्सर ठरला. वाईट याचं वाटलं की त्याही चूक नव्हत्या.

जाऊ हसली नव्हती. तिनं काठीवरचा फोन काढून बंद केला आणि पर्समध्ये टाकला. बायका मडकी भरायला वळल्या तशी ती माझ्याजवळ आली.

"ताई, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, आज आठवली. खरं म्हणजे रचली होतीत?"

"हो."

"आणि त्यातली धाकटी म्हणजे मी?"

मी पुन्हा हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

"मी ती सगळ्या जगाला सांगत सुटले," ती म्हणाली. "नटूनथटून." तिचे डोळे भरले, पण तिनं ते पुसलेही नाहीत, तशीच उभी राहिली. मला वाटलं आता बोलेल, चार ऐकवेल, मला ते हवंही होतं. ती बायकांची मडकी धरायला गेली.

उतरताना एक शिक्षिका निसरड्या खडकावर अडल्या. जाऊ पुढे झाली, त्यांचा हात धरून एकेक पाऊल खाली घेतलं. त्या तिला म्हणाल्या, "काय सुंदर गोष्टी सांगतेस गं तू!"

"माझ्या नाहीत त्या," ती म्हणाली, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "सगळ्या आमच्या ताईंच्या. पहिल्यापासून."

हे एक वाक्य तिच्या तोंडून ऐकायला मी इतके दिवस जळत होते. ऐकलं, आणि हातातल्या बाटल्या सावरत मी सगळ्यांच्या मागे मागे राहिले, म्हणजे कुणी वळून माझ्याकडे बघू नये.