नवमीच्या पानावरचा पिझ्झा

भाकरी करायची पण ती मैद्याची करायची, अर्धीकच्ची भाजायची, तिच्यावर टमाट्याचं कालवण फासायचं, वर रबरासारखं ताणणारं काहीतरी पांघरायचं आणि शेवटी कातरून तिकोनी तुकडे लोकांच्या पुढं ठेवायचे. ह्याला पिझ्झा म्हणतात. असली एक भाकरी खायला मी मागल्या भादव्यात शिरूर कासारच्या पलीकडच्या आमच्या गावातून औरंगाबादला गेलतो. पाच तास जायला, पाच तास यायला. ढोरं शेजाऱ्याच्या जिवावर सोडून.

गेलो त्याचं कारण माझी बायको. ती चैतात वारली. बाई नवऱ्याच्या आधी गेली की आमच्याकडं ती अहेव गेली म्हणतात. तिचं पान पितरपाटात नवमीला करतात. एक सवाष्ण बोलवायची, तिला गेलेल्या बाईच्या जागी बसवायचं, जेवू घालायचं, लुगडं नेसवायचं आणि घरातल्या लहानथोरांनी तिच्या पाया पडायचं. पानात गेलेल्या बाईच्या आवडीचं एक तरी लागतं. नसलं तर ते पान तिला पोचत नाही. पोचतं का नाही हे बघून आलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. पण करायचं तर नीट करावं.

सवाष्ण म्हणून बायकोची धाकटी बहीण यायची ठरली. तिचं घर बीडला. ही मेव्हणी पहिल्यापासून तोंडाची फटकळ. नवमीच्या चार दिवस आधीच येऊन बसली. अंगणात शेंगा फोडीत होती. मी सुनेला म्हणलं, "पुरणाची पोळी कर. तुझ्या सासूला लई आवडायची."

मेव्हणीनं मान वर न करता म्हणलं, "अक्काला पुरन न्हाई आवडायचं, दाजी. तुमाला आवडतं."

"तुला काय माहीत?"

"जळजळायचं तिला. पुरन करायची, तुमाला वाढायची, अन आपन कोरड्यास-भाकर खायची. तुमी बघितलं नसंल."

"मग काय आवडायचं?"

"पिझ्झा."

सून हसायला लागली ती पदर तोंडाला लावून आत गेली. मला राग आला. मेलेल्या माणसाची थट्टा करू नये एवढं तरी साठीच्या बाईला कळावं. मी तसं बोललो. मेव्हणी म्हणाली, "थट्टा कावून करू? माजी बहीन हाय ती."

राग यायला कारण होतं. आम्ही नवराबायकोनं पंचवीस पट्टे, म्हणजे पंचवीस हंगाम, ऊस तोडला. उसाच्या फडात नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. मी तोडायचो, ती मोळी बांधायची. मी मोळी उचलून तिच्या डोक्यावर द्यायचो, ती गाडीपर्यंत न्यायची. पाचटाच्या खोपीत एकाच वाकळेखाली झोपलेली माणसं आम्ही. तिला ताप कधी यायचा, तिचा कोणता गुडघा दुखतो, ती कोणत्या कुशीवर झोपते, सगळं मला माहीत. अशा बाईची आवड मला ठाऊक नाही आणि बीडात नळाचं पाणी पिणाऱ्या बहिणीला ठाऊक, हे कसं मानायचं?

मग मेव्हणीनं सगळं सांगितलं. बायकोच्या पोटात गाठ निघाली तेव्हा औरंगाबादच्या दवाखान्यात दर एकवीस दिवसांनी सलाईन लावायला जावं लागायचं. घेऊन जायची मेव्हणीच. मी जात नव्हतो. ढोरांचं कोण बघील, असं म्हणायचो. खरं सांगायचं तर त्या दवाखान्याचा वास मला सोसत नव्हता. एकदा गेलो आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसून परत आलो. तर दोघी बहिणी सकाळी पोचायच्या, बायकोचं रक्त तपासायला द्यायच्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत तीन-चार तास रिकाम्या. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एका पिझ्झावाल्याचं दुकान. एक दिवस मेव्हणीनं तिला तिथं नेलं. मग दर खेपेला. बायको दवाखान्याला जायला नको म्हणाली की मेव्हणी म्हणायची, चल की अक्का, पिझ्झा खाऊ. की ही पिशवी भरायची.

"अन घरी येऊन मला काय सांगायची? दवाखान्यात खिचडी दिली म्हणून."

"तेच सांगायची."

मी म्हणलं, "दाखव मला ते दुकान. खोटं निघालं तर पानावर पुरणच पडंल आणि तू मुकाट्यानं खाशील."

"अन खरं निघालं तर?"

मी ढोरांना पाणी पाजायला उठलो.

नवमीच्या आदल्या दिवशी निघालो. शिरूरहून बीड, बीडला गाडी बदलायची. म्हाताऱ्यांना गाडी फुकट आणि बायांना अर्धं तिकीट, त्यामुळं गाडीत म्हातारे आणि बायाच. कुणाला कुठं काम होतं असं तोंडावरून दिसत नव्हतं. बीडच्या स्टँडवर जिकडं बघावं तिकडं शिकवणीवाल्यांच्या पाट्या, त्यांच्यावर पोरांचे फोटो. एवढी हुशार पोरं जिल्ह्यात असतील तर स्टँडच्या मुतारीला दार कावून नाही, हे एकानंही शोधून काढलेलं नाही. पुढच्या गाडीत माझ्या शेजारच्या गड्यानं औरंगाबाद येईपर्यंत फोनमध्ये दुसऱ्यांची जेवणं बघितली. कुणीतरी वडा तळतंय, हा बघतोय. कुणीतरी खातंय, हा बघतोय. ह्याच्या मांडीवर डबा होता तो त्यानं उघडलाच नाही.

दुकान सापडलं. दारात ही रांग. लग्नाच्या पंगतीला सुद्धा लोक एवढे आधी येऊन उभे राहत नाहीत. नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि बाहेर फुटपाथवर थांबायचं. मेव्हणी म्हणाली, "लई फेमस हाय. जालन्याहून, नगरहून मानसं येत्यात."

"मालक कोण?"

"परदेशात शिकून आलाय म्हनं."

भाकरी शिकायला परदेशात. माझी आई आंधळी होती तरी तिची भाकरी फुगायची.

अर्ध्या तासानं आत घेतलं. मी पिशवीतून बाजरीची भाकरी आणि ठेचा काढून टेबलावर ठेवला, कारण अशा जागी पोट भरत नाही हे न खाताच कळत होतं. टोपी घातलेला वाढपी पळत आला. म्हणाला, "काका, बाहेरचं अन्न आत अलाऊड नाही."

मी म्हणलं, "बाहेरचं कोणतं? ही बाजरी इथल्याच रानातली आहे. बाहेरचं तू विकतोस."

मेव्हणीनं माझी भाकरी उचलून पिशवीत घातली आणि त्याला म्हणाली, "लेकरा, तू जा. एक साधा आन. मिरची जास्त टाक." मला म्हणाली, "दाजी, गप बसा. मला इथं वळखत्यात."

ओळखत होते. गल्ल्यावरच्या पोरीनं तिला हात केला आणि विचारलं, "मावशी, आज आजी नाही आल्या?"

मेव्हणी म्हणाली, "न्हाई बाई." एवढंच म्हणाली.

तिथं मला कळलं की ही खोटं बोलत नाही. माझी बायको ह्या दुकानातल्या पोरीला माहीत होती. कुठं बसायची ते मेव्हणीनं दाखवलं. भिंतीकडंची खुर्ची, भट्टी दिसंल अशी. खुर्चीवर मांडी घालून बसायची म्हणे. भट्टी मी बघितली. कुंभाराच्या आव्यासारखी मातीची, आत लाकडाचा जाळ आणि एक पोरगं लांब दांड्याच्या फावड्यानं पोळी आत सारतंय. चुलीपुढं जन्म गेलेली बाई जाऊन-येऊन दहा तासांचे हेलपाटे घालून पुन्हा जाळाकडंच तोंड करून बसायची, ह्याला काय म्हणावं. आजूबाजूला सगळी तरणी पोरं. समोर गरम खाणं आलं की आधी फोटो. ह्या बाजूनं, त्या बाजूनं, उभं राहून. अन्न निवून जातं पण पोरांचा फोटो होत नाही.

आमचा पिझ्झा आला. मी बघितलं आणि तोंडातून निघालं, "म्हशीनं पो टाकला अन वरून कुनीतरी ताक सांडलं."

मेव्हणी माझ्याकडं बघायला लागली. मग तिला हसू फुटलं ते थांबेना. टेबलाला धरून हसली. डोळ्यांतून पाणी आलं. शेजारची पोरं वळून बघायला लागली. मी म्हणलं, "येड लागलं काय?"

"दाजी, अक्का हेच म्हनायची. दर येळंला. पिझ्झा आला की मान अशी वाकडी करायची, तुमच्यासारखी, मिशीला हात लावल्यागत करायची, अन तुमच्या आवाजात म्हनायची, म्हशीनं पो टाकला अन वरून ताक सांडलं. अन मंग खायची."

माझा हात मिशीवर होता, तो मी खाली घेतला.

"दीड तुकडा खायची. त्याच्यावर ती मिरचीची पुडी आख्खी. बाकी मी खायची."

मिरचीच्या त्या पुड्या मी घरात बघितल्या होत्या. मसाल्याच्या डब्यात सात-आठ होत्या, कागदी, बोटभर. हे काय म्हणून विचारलं तर दवाखान्यात मिळतं म्हणाली होती. दवाखान्यात मिरची कोण देतं, एवढं सुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही. आता समोर टेबलावर तसल्याच पुड्या पडलेल्या.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं तिनं? मी काय मारलं असतं?"

मेव्हणी आता हसत नव्हती. म्हणाली, "मी म्हनलं होतं तिला, सांग की दाजीला. तर म्हनली, सांगितलं की ते नावं ठेवतील. एकदा त्यांनी नावं ठेवली की तेची चव जाती."

मी एक तुकडा उचलला. खाल्ला. खोटं कशाला लिहू, वाईट होता. दाताला चिकटतो, घशात बसतो, टमाटा आंबट, आणि मैद्याला चव म्हणून नाही. दुसरा तुकडा खाल्ला, पहिल्यात चूक झाली असंल म्हणून. चूक नव्हती. पण मेव्हणी "कसा हाय?" म्हणाली तेव्हा मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. पन्नास वर्षं त्या बाईनं जे जे ताटात वाढलं त्याला मी काहीतरी म्हणलं होतं. मीठ कमी, रस्सा पातळ, भाकरी करपली. मला ती थट्टा वाटायची. तिनं ह्या एका गोष्टीवर झाकण ठेवलं होतं, माझी जीभ तिथं पोचू नये म्हणून. आणि मी एसटी करून तिथं पोचलो होतो.

दुसरा एक बांधून घेतला, पानासाठी. मेव्हणी म्हणाली, "उद्यापतूर चामडं हुईल त्याचं." मी ऐकलं नाही. परतीच्या गाडीत खोका मांडीवर ठेवला. पानाचं अन्न, त्याला कुणाचा पाय लागू नये, कुणी उष्टं करू नये, म्हणून पाच तास दोन्ही हातांनी धरून बसलो. कंडक्टर म्हणाला, "बाबा, काय हाय खोक्यात? वर ठिवा की." मी म्हणलं, "ठेवत नसतो." मी बॉम्ब घेऊन बसल्यासारखा तो माझ्याकडं बघत पुढं गेला.

नवमीला सुनेनं बाकीचा स्वयंपाक केला. कढी, भजी, खीर, गवारीची भाजी. पुरण घातलं नाही. पिझ्झा तव्यावर गरम करायला घेतला तर वरचं रबर वितळून तव्याला चिकटलं, खाली करपलं, आणि घरात टायर जाळल्यासारखा वास सुटला. भावकीतले चौघे पाट टाकून बसले होते. माझा चुलतभाऊ म्हणाला, "म्हाताऱ्या, हे काय काढलंस? पितराला असलं वाढत्यात काय? येडा झालास का बे?"

एरवी मी त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी म्हणलं, "तिच्या आवडीचं हाय." आणि पान माझ्या हातानं वाढलं.

मेव्हणीला पाटावर बसवलं. हळदकुंकू लावलं, लुगडं दिलं. सगळे पाया पडले. माझी पाळी आली. त्या दिवशी सवाष्ण ही गेलेलीच बाई असते, तिथं लहानमोठं बघत नाहीत. मी पंचाहत्तरी उलटलेला माणूस, मेव्हणीच्या पायावर डोकं ठेवलं. बायकोच्या पायाला जन्मात कधी हात लावला नव्हता. काटा काढायला लावला असंल, फडात.

मेव्हणीनं तो करपलेला तुकडा खाल्ला. दीड तुकडा, मोजून. मग राहिलेला अर्धा माझ्या हातावर ठेवला. सगळी भावकी बघत होती. तिनं विचारलं, "कसा हाय?"

माझ्या तोंडात करपट आलं होतं, कालच्यापेक्षा दहा पटीनं वाईट. जिभेवर शब्द तयार होते. मी चावलं, गिळलं.

"चांगला हाय," म्हणलं.

 मेव्हणी म्हणाली, "अक्काला हे खरं वाटलं नसतं." आणि ताटातली कढी माझ्याकडं सरकवली, घास खाली उतरायला.