कॅप्टनला लावलेलं ऑइल

कॅप्टनला टेबलावर घेतलं आणि माझे ग्लोव्ज काळेकुट्ट झाले. सहा वर्षांचा पिवळा लॅब्रॅडॉर, पण पिवळं काही दिसतच नव्हतं. सगळ्या क्लिनिकमध्ये गॅरेजचा वास.

"हे काय लावलंय?"

"जळालेलं ऑइल. त्यात गंधक," साठेकाका शांतपणे म्हणाले. काका रिटायर्ड इंजिनिअर, इथेच अवधपुरीत राहतात. "जवाहर चौकातल्या मेकॅनिककडून आणलं. पाच दिवस रोज एक कोट."

कोट! भिंत होती का ती?

"मॅडम, यात लॉजिक आहे. ऑइलने खाजेच्या किड्यांची हवा बंद होते, ते मरतात. यहाँ सब यही लगाते हैं."

"आणि कॅप्टन अंग चाटतो, त्याचं काय? ते ऑइल कुठे जातं?"

काकू मागून म्हणाल्या, "महिनाभर डोकं फोडतेय, डॉक्टरकडे न्या म्हणून. तर म्हणे, डॉक्टर नुसते शॅम्पू विकतात."

माझं डोकंच फिरलं. तरी आधी काम. कॅप्टन थरथरत होता, अंग गार. दोन दिवस पोटात अन्न नाही, उलट्या सुरू. ऑइल पाण्याने निघत नाही. मी आणि कंपाउंडर कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन बसलो. तीनदा धुतलं तेव्हा खालची कातडी दिसली. लाल, सोललेली.

मग मी त्याच्या कानाची कड बोटांनी चोळली. लगेच मागचा पाय हवेत खाजवायला लागला. ही खरुजेची जुनी खूण. खात्रीसाठी स्किन स्क्रॅपिंग केलं, म्हणजे ब्लेडने कातडी हलकेच खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितली. आठ पायांचे बारीक किडे. आरामात चालत होते.

"काका, या. बघा तुमचं लॉजिक."

त्यांनी डोळा लावला. बराच वेळ लावला.

"जिवंत आहेत?"

"हो. मरतोय तो कुत्रा."

असं बोलायला नको होतं. पण बोलले. ब्लड रिपोर्ट आला, किडन्या बसल्या होत्या. तीन दिवस सलाईन दिलं. चौथ्या दिवशी सकाळी कॅप्टन गेला.

लोक विचारतात, कधी आणायचं? अहो, कानाची कड, कोपर, पोट इथले केस गेले की. खाजवून झोप लागत नसेल, कातडीला वास येत असेल, घरातल्या माणसांनाही खाज सुटली असेल, तर त्याच आठवड्यात. घरात आहे ते चोपडून बघू, हा उद्योग करू नका. कुत्रा ते चाटणारच.

कॅप्टन गेल्यावर काका त्याचा पट्टा न्यायला आले होते. मी अजून संतापलेलीच होते. दोन शब्द सुनवायचे ठरवून बसले होते.

"मॅडम, याला खरं औषध काय असतं?"

मी ड्रॉवरमधून एक गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "ही. महिन्याला एक. दोन-तीन महिने."

"चावून खायची?"

"हो. कुत्रे आवडीने खातात."

त्यांनी ती गोळी मला परत दिली आणि मट्‌कन खुर्चीत बसले. ठरवलेले दोन शब्द बाजूला ठेवून मी कॅप्टनचा पट्टा आणून त्यांच्या हातात दिला.