टोपड्याचा बंद

बारशाला मी शिवलेलं टोपडं भाचीला महिन्याभरात घट्ट झालं, तेव्हा आम्ही खुशीत म्हणालो, बाळसं धरलंय. डॉक्टरांनी डोक्याभोवती टेप धरली आणि सांगितलं, आत पाणी साठतंय. त्याच्या दाबानं मेंदूतल्या पेशींचे एकमेकींशी जोड नीट जुळत नाहीत. ऑपरेशन करून नळीनं पाणी पोटात वळवलं.

तेव्हा शिवलेलं मोठं टोपडं आज तीन महिन्यांनीही बरोबर बसलं. "ताई, कानामागं नळी आहे, जपून," वहिनी म्हणाली. मी हनुवटीखाली गाठ मारली, तोच भाचीच्या बोटांनी बंद चाचपला, धरला आणि ओढला. टोपडं सुटलं. आत्ता, माझ्यासमोर, आत कुठल्या तरी पेशीचा हात दुसरीपर्यंत पोचला होता. आनंदानं मला बसवेना. मी टोपडं पुन्हा घातलं आणि गाठ मुद्दाम सैल बांधली.