ढालीमागचा हात

आमच्या खालच्या मजल्यावरच्या दापोलीच्या काकांना व्हायकिंगांच्या लढाईचं वेड आहे. दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी आखातातल्या अल हैलच्या किनाऱ्यावर ते लाकडी तलवार आणि प्लायवूडची गोल ढाल घेऊन माझ्यासमोर उभे राहतात.

"ढाल छातीशी कवटाळू नका हो, पुढे करा. समोरच्याला तुमची तलवार दिसताच कामा नये."

बोलता बोलता ते ढालीच्या कडेने माझी ढाल बाजूला सारतात, तलवार बरगडीपाशी आणून थांबवतात आणि हळूच म्हणतात, "खलास." मला कधी ओरखडाही आलेला नाही.

परवा पार्किंगमध्ये एक मुकादम गाडी धुणाऱ्यावर हात उगारून धावला. काका डावा खांदा पुढे करून मध्ये उभे राहिले. "भाईसाब, खलास," तसंच हळू, पण इथल्या अरबीतलं, 'बस, पुरे' या अर्थाचं. मुकादम पुटपुटत निघून गेला.

मी काकांच्या मागे होतो. पाठीशी धरलेली त्यांची उजवी मूठ बराच वेळ उघडेना.