अमरदीपनं पाठवलेलं अपडेट

निपाणीच्या आमच्या गल्लीत सोनुआक्काचं घर माझ्या घराला लागून आहे. मध्ये एकच भिंत, त्यामुळं तिच्याकडं काय चाललंय ते मला न विचारता कळतं. तिनं उभा जन्म विड्या वळल्या. नवरा भरमा तंबाखूच्या वखारीत हमाल होता. मुलगा अमरदीप शाळेत जायला लागला त्या सुमाराला भरमा वारला. मग मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं नि जर्दा, आणि समोर पाटी घेऊन बसलेला अमरदीप, असं तिचं घर मी कितीतरी वर्षं बघितलं. बोलता बोलता तिची बोटं विडी वळून, दोरा गुंडाळून, टोकं दुमडून मोकळी व्हायची. तिला त्याकडं बघावं लागत नसे.

अमरदीप शिकला. बेळगावात इंजिनियर झाला आणि बंगळूरला एका मोबाईल कंपनीत लागला. लग्न झालं, पारमिता झाली. त्यानं आईचं सूप बंद केलं आणि तिला आपल्याकडं न्यायचा पुष्कळ प्रयत्न केला. ती गेली, राहिली, परत आली. "लई उंचावर घर हाय गं, नीलम," मला म्हणाली. "खिडकीतनं कुणाला हाक मारायची सोय न्हाय."

म्हणून मग फोन. रोज संध्याकाळी पारमिताचा फोन यायचा आणि आज्जी-नातीचं बोलणं भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

अमरदीपच्या कंपनीचाच फोन होता तो. फोनच्या आत जे काही चालतं, त्यात कंपनी अधूनमधून सुधारणा करते आणि ती इंटरनेटवरून थेट ज्याच्या त्याच्या फोनवर पाठवते. पाठवण्याआधी ती नीट चालते का, हे तपासणाऱ्या लोकांत अमरदीप होता. त्यानं आईला एवढंच सांगितलं होतं, "आई, तुज्या फोनवर अपडेट येतंय न्हवं, ते आमीच पाठवतो."

तेवढं तिला पुरलं. माझ्या फोनवर अपडेट आलं की मी 'नंतर' दाबते आणि विसरून जाते. सोनुआक्काचं तसं नव्हतं. निळं बटण दिसलं की ती फोन पदरानं पुसायची, चार्जरला लावायची आणि कोनाड्यात, बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवायची. फोन बंद होऊन परत सुरू होईपर्यंत घरात मोठ्यानं बोलायचंसुद्धा नाही. कुणी आलंच तर म्हणायची, "जरा बस. अमरदीपनं पाठिवलंय, ते उतरायलंय."

गेल्या हिवाळ्यात असंच एक अपडेट उतरलं. त्यानंतर काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की संध्याकाळी पलीकडं फोन वाजतोय, वाजत राहतोय आणि बंद होतोय. मला वाटलं, आक्का परसात असेल. पण एका संध्याकाळी अमरदीपचा मलाच फोन आला.

"नीलमआक्का, आई फोन उचलंना झाल्या. दुपारी मी हापिसात असताना तिच्याकडनं फोन येतोय. विचारलं की म्हणत्या, मी भाईर गेलतो. रोज भाईर कुटं जात्या ती? तब्येत बरी हाय न्हवं?"

मी तशीच गेले. दार उघडंच होतं. सोनुआक्का चटईवर बसली होती आणि मांडीवर फोन वाजत होता. पडद्यावर पारमिताचा फोटो होता, दोन वेण्या घातलेला. आक्का त्या फोटोकडं बघत होती. फोन वाजायचा थांबला, फोटो गेला, तेव्हा तिनं मान वर केली.

"आक्का, उचलला का न्हाईस?"

"उचलाय येत न्हाय."

"म्हंजे?"

"आदी हिरव्यावर बोट ठेवलं की पोरगी बोलायची. आता ते हिरवं वर सरकत न्यावं लागतंय. माज्याच्यानं सरकत न्हाय ते. मदीच सुटतंय."

मग काय झालं असेल ते मला कळलं. नव्या अपडेटमध्ये फोन उचलायची पद्धत बदलली होती. मी तिला करून बघायला सांगितलं. माझ्या फोनवरून फोन लावला. तिनं अंगठा टेकला, वर ओढला. हिरवं वर्तुळ जरासं हललं आणि परत खाली आलं. दुसऱ्या बोटानं केलं, तेच. जर्द्यानं आणि पानांनी तिच्या बोटांची टोकं केव्हाच गुळगुळीत आणि टणक झाली होती. रेशनच्या दुकानातही तिचा अंगठा उठत नाही, हे मला माहीत होतं. पण फोनचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग अमरदीपला सांगायचंस की."

तिनं फोन पालथा ठेवला. "त्येनंच पाठिवलंय न्हवं ते. तुमी पाठिवलेलं बिघडलंय म्हणून कसं सांगू? पोराला वाईट वाटंल. आन त्येच्या सायबाच्या कानावर गेलं तर त्येलाच बोलतील."

त्या दिवशी मी अमरदीपला सगळं सांगून टाकलं. आक्का माझ्यावर रुसली. पुढच्या शनिवारी तो सकाळच्या बसनं उतरला, एकटाच.

चहा झाल्यावर त्यानं आईला फोन हातात घ्यायला सांगितलं आणि समोर बसून स्वतःच्या फोनवरून फोन लावला. तिनं आज्ञाधारकपणे अंगठा ओढला. वर्तुळ हललं, सुटलं. परत ओढला. त्यानं तिला थांबवलं आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. एकेका बोटाच्या टोकावरून त्यानं आपलं बोट फिरवलं. मी उठून जायला लागले, तर आक्का म्हणाली, "बस गं, कुटं चाललीस." तिला एकटीला ते झेपलं नसतं बहुतेक.

"आई, हे मीच तपासलंतं," तो म्हणाला. "आमच्यात सगळ्यांच्या बोटांनी सरकलं. खिशात फोन चुकून उचलला जाऊ नये म्हणून बदललेलं ते. चांगलं म्हणूनच सोडलं आमी."

"चांगलंच आसंल की रं. माजी बोटंच तसली."

"बोटांना काय बोलू नकोस," तो म्हणाला. त्यानं मान खाली घालून फोनमध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली.

एका बोटानं उचलायची सोय फोनमध्ये होतीच, पण इतक्या आत, की ती मला तर जन्मात सापडली नसती. त्यानं ती सुरू केली आणि बंगळूरला निरोप दिला. थोड्याच वेळात पारमिताचा फोन आला. आक्कानं हिरव्यावर बोट ठेवलं. "आज्जी, एवढे दिवस कुठं होतीस?" असं पहिलंच वाक्य आलं, आणि आक्का म्हणाली, "हितंच होतो की बाळा." मग दोघी परसातल्या मांजराच्या पिल्लांवर बोलत बसल्या. अमरदीप उंबऱ्यावर बसून ऐकत होता.

निघायच्या आधी त्यानं आईचा एक छोटा व्हिडिओ घेतला. नुसता हात आणि फोन. ओढतेय आणि सुटतंय. ऑफिसातल्या बैठकीत त्यानं तो दाखवला, हे त्यानं नंतर मला सांगितलं. साहेब कुणी त्याला बोलला नाही. एकानं विचारलं, असे किती लोक असणार? अमरदीप म्हणाला, माझ्या गावात विड्या वळणारी घरटी एक तरी सापडेल.

उन्हाळ्यात पुढचं अपडेट आलं. सोनुआक्कानं मला हाक मारली, कारण फोन सुरू होताना काहीतरी मराठीत लिहून आलं होतं. मी वाचून दाखवलं: फोन कसा उचलायचा, बोट ठेवून की सरकवून? तिनं 'बोट ठेवून' यावर बोट ठेवलं. तो प्रश्न कुणामुळं आला, हे मी तिला सांगितलं, व्हिडिओचंही सांगितलं.

ती चपापली. लगेच तिनं बंगळूरला फोन लावला.

"अमरदीप, माजा हात सगळ्यांना दाखिवलास व्हय रं?"

"व्हय आई."

"आदी सांगायचं न्हाय? जरा तेल तरी लावलं असतं."

तो हसत होता, ते मलाही ऐकू येत होतं. आक्का मात्र गंभीरच होती. फोन ठेवल्यावर तिनं दोन्ही हात उजेडात धरून उलटेपालटे करून बघितले आणि मला विचारलं, "बरा दिसला आसंल न्हवं?"