जस्ताच्या शोधात तीर्थपुरी

यकृताच्या आजारात रक्तातलं जस्त किती घटतं, हा माझ्या प्रबंधाचा विषय. १९९६ साल. शेवटची एक जोडी अडली होती: रुग्ण, आणि त्याच घरातलं निरोगी माणूस. ती मिळाली तरच प्रबंध वेळेत जाणार होता. आमच्या औरंगाबादच्या दवाखान्यात यकृताच्या उपचारासाठी येणारे लक्ष्मणकाका म्हणाले, "मंग तीर्थपुरीला घरीच या की, ताई!" मी लगेच पिशवी भरली.

जाणाऱ्यांसाठी सांगते. जालन्यात मस्तगडात चहा घ्या, बर्फही तिथेच मिळतो. दुपारच्या एसटीत डावीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही. अंबडच्या पुढे गाडी अशी आदळते की रक्ताच्या नमुन्यांसाठी घेतलेल्या बर्फाचा थर्मास मी बाळासारखा मांडीवर घेतला होता. पण दोन्हीकडे फुटलेली कपाशी! मी नुसती बघतच राहिले.

संध्याकाळी काकांकडे बाजरीची भाकरी, पिठलं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. मी आडवा हात मारला. रक्त सकाळी उपाशीपोटी घ्यायचं होतं.

सकाळी अंघोळ करून येते तर काकांच्या पत्नी कौसाबाई ओट्यावर माझ्या रक्त घ्यायच्या नळ्या वाळत घालत होत्या!

"पाव्हण्याचं सामान धुळीचं कसं ठिवू? राखेनं बराबर घासल्यात."

आम्लानं धुऊन बंद केलेल्या नळ्या त्या! राखेच्या कणानंही जस्ताचा आकडा चुकतो. माझ्या मार्गदर्शक सरांनी पाहिलं असतं तर तिथंच आडवे झाले असते.

"चुकलं का काही?" त्यांचा चेहरा उतरला.

"न्हाई हो," मीही त्यांच्यासारखीच बोलले. पर्समध्ये दोनच बंद नळ्या उरल्या होत्या. दोन माणसं, दोन टोचण्या. दोन्ही शिरा पहिल्याच फटक्यात सापडल्या! परतीच्या गाडीत मी चक्क गुणगुणत होते.

तपासणीत काकांचं जस्त कमी निघालं, अपेक्षेप्रमाणे. कौसाबाईंचं त्याहून कमी. वाटलं, मोजणीच चुकली. पुढच्या खेपेला त्या काकांसोबत आल्या, तेव्हा पुन्हा रक्त घेतलं. आकडा तोच.

"काय जेवता हो?"

"दूध, डाळ आमच्या ह्यायला लागतंय. मला भाकर-मिरची पुरती."

त्यांचं नाव निरोगी माणसांच्या यादीतून खोडलं, जस्ताच्या गोळ्या सुरू केल्या. प्रबंध सहा महिने लांबला. त्याचं आज काहीच वाटत नाही. त्यांच्या हातचं पोटभर जेवले आणि 'तुम्ही जेवलात का?' एवढं विचारलं नाही, त्याचं वाटतं.